बँकॉकची चटणी

करावे गावात भागीरथीला भित्री म्हणायची कुणाची छाती नव्हती. खाडीच्या चिखलात मांडीएवढं उतरून चिंबोऱ्या धरणारी बाई ती, आणि जीभही चिंबोरीच्या नांगीसारखी. नेरूळच्या नव्या बिल्डिंगीतल्या बायका भाव पाडून मागायला लागल्या की टोपलीवर फडकं टाकायची. "जा बाय, वाशीच्या मार्केटान जा, तिथं मेलेल्या स्वस्त मिलतान." आणि बायका मुकाट्यानं पिशवी पुढं करायच्या. अशी बाई शहाऐंशी सालच्या भाद्रपदात स्वतःच्या मागच्या दाराला घाबरायला लागली. हसू नका, तुम्हीही घाबरला असता.

नवरा हिरामण बोटीवर भंडारी होता. म्हणजे खलाशांना रांधून घालणारा स्वयंपाकी. घरी यायचा तो दरवेळी कुठल्या तरी बंदराची चव जिभेवर घेऊन. एकदा आला तो थायलंडातल्या बँकॉकच्या गोष्टी सांगत. तिथं म्हणे धक्क्यावर मांसाचे तुकडे काडीला टोचून भाजतात आणि शेंगदाण्याच्या पातळ चटणीत बुडवून खातात. झालं! पिशवी टाकली आणि गडी बसला पाट्याशी. त्याची आई चांगुणाबाई पदर तोंडाला लावून हसत सुटली. पण त्याचं काम कसं झटपट. भाजलेले शेंगदाणे, सुक्या मिरच्या आणि लसूण वाटायचा, नारळाच्या घट्ट रसात सोडायचा, वर चिंचेचा कोळ आणि गुळाचा खडा. तिकडं माशाचं कसलंसं काळं पाणी घालतात, ते करावे गावात कुठून आणणार? त्यानं मूठभर सुका जवळा भाजून चुरला. शेवटी गवती चहाच्या पातीची गाठ मारून टाकली, एक उकळी काढली, की खाली उतरवायची. चूल पेटवल्यापासून शेजारणीच्या दोन गप्पा होईतो चटणी तयार. भाजलेल्या बोंबलाबरोबर त्यानं ती अशी चापली की काही विचारू नका. मग मागच्या दारी गवती चहाचं बेटच लावून टाकलं.

त्याला एक खोड होती. भंडाऱ्यानं रांधलेलं आधी दुसऱ्यानं चाखायचं, असा त्याचा बोटीवरचा नियम. तो घरीही सुटला नाही. भागीरथीनं टोपात बोट बुडवून चाटायचं आणि म्हणायचं, "बरी झायली. जेवा." तोवर स्वारी घास तोंडात घालायची नाही. सासूसमोर लाज वाटायची, म्हणून हे सगळं चुलीच्या आडोशाला चालायचं.

चौऱ्याहत्तर साली तो गेला तो गेलाच. कंपनीचा माणूस येऊन सांगून गेला, बोट वादळात सापडली, तिचा पत्ता नाही, माणसांचा पत्ता नाही. भागीरथी त्याच्या अंगावर धावून गेली. "सापरला नाय म्हंजे मेला नाय!" कुंकू तसंच ठेवलं, हातातली हिरवी काकणं तशीच ठेवली. पुढं चांगुणाबाईची दृष्टी गेली. सून घरात कुठं आहे हे ती त्या काकणांच्या आवाजावरूनच ओळखायची. बाहेर मिठागरं गेली, शेतं गेली, इमारती उभ्या राहिल्या. घरात एकच गोष्ट बंद होती. शेंगदाणा त्या उंबऱ्याच्या आत येत नव्हता.

रिवाज असा, की बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहायची आणि मग दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा. बारा वर्षं भरली तशी चांगुणाबाईनं टुमणं लावलं. "माजा पोर मधीच लटकलाय गो. मी मरायच्या आदी त्याला वाटेला लाव." भागीरथी खूप भांडली, पण आंधळ्या म्हातारीपुढं किती भांडणार? धाकट्या दिरानं, धर्मराजनं, खाडीवर सगळं यथासांग केलं. पिंड ठेवला. खाडीकाठच्या तिवरांच्या झाडांवर ही कावळ्यांची गर्दी, पण एक खाली उतरेल तर शपथ! आईला सांभाळीन म्हणून धर्मराजनं हात जोडले, वहिनीला काही कमी पडू देणार नाही म्हणाला, बोंबील ठेवला, विडीसुद्धा ठेवली. कावळे ढिम्म. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिवला आणि सुटका करून घेतली.

सगळे खालमानेनं परतले. भागीरथीच्या पायांना मात्र पंख फुटले होते. कावळा शिवला नाही, म्हणजे जिवंत हाय! काकणं उतरवायला आलेल्या बायकांना तिनं उंबऱ्यावरच अडवलं. "शिवला का कावला? नाय ना? मंग हात लावून दाखवा." बायका निघून गेल्या. पण पिंडापुढं काय ठेवायचं राहिलं, हे तिला तिथंच आठवलं होतं. तिनं तोंड उघडलं नव्हतं, एवढंच.

दुसऱ्या दिवसापासून कावळे घरी यायला लागले. मागच्या दारच्या दगडी गडग्यावर ओळीनं बसायचे, तोंडं चुलीकडं. काव नाही, फडफड नाही. तिनं बोंबलाचं डोकं फेकलं, त्यांनी पाहिलं नाही. दगड मारला, तर जरा सरकले आणि पुन्हा जागच्या जागी येऊन बसले. मग गवती चहाचं बेट. सकाळी पाहावं तर एक पात तुटून खाली पडलेली, आणि तिला गाठ मारलेली. पोरांचा चावटपणा म्हणून तिनं शिव्या घातल्या. दुसऱ्या सकाळी तेच. ती गाठ उलटी होती. हिरामण डावखुरा होता, त्याची गाठ तशीच पडायची.

भागीरथीनं मागच्या दाराला कडी घातली. त्याच दुपारी, विझलेल्या चुलीतून भाजल्या शेंगदाण्यांचा वास आला. चांगुणाबाईनं पुढ्यातलं ताट सरकवून दिलं.

"हिरामन आयलाय. दारान उपाशी बसलाय. मी कशी जेवू?"

"कोन नाय दारान! गप जेव!" भागीरथी ओरडली खरी, पण दाराकडं बघायचा धीर तिला झाला नाही. म्हातारी त्या दिवसापासून पाण्यावर राहिली.

गेल्याची तिथी ठाऊक नसलेल्यांचं पान सर्वपित्री अमावास्येला ठेवतात. त्या दिवशी करावे गावात घराघरावर पानं, आणि कावळ्यांचा नुसता कलकलाट. एका ह्याच घरावर आवाज नव्हता. वडे तसेच, खीर तशीच, आणि गडग्यावर ती ओळ तशीच. खाटेवरून चांगुणाबाई म्हणाली, "भागे, त्याला काय पायजे ते तुला ठाव हाय. तुला एकलीला."

भागीरथी उठली. शेजारणीकडून ओंजळभर शेंगदाणे आणले, भाजले, पाट्यावर घेतले. हात काही विसरले नव्हते. जवळा भाजायला लागल्यावर धर्मराज कुरकुरला, "वयनी, पितरांच्या पानावर सुकट?"

"तुमचा भाऊ काय वरनभात खाऊन बोटीवर जात होता? सरका बाजूला!"

नारळाचा रस उकळायला आला तशी ती पात आणायला मागच्या दारी गेली. पात तुटलेली होती. गाठ मारलेली होती. तिनं ती मुकाट्यानं उचलली आणि टोपात टाकली.

चटणी आणि बोंबील पानावर वाढून तिनं पान गडग्यावर ठेवलं. ओळीतला एक कावळा उतरला, पानाजवळ आला आणि थांबला. चोच नाही लावली. पानाकडं बघतसुद्धा नव्हता, मान वाकडी करून तिच्याकडं बघत होता. नाय शिवत! चटणीलाही नाय शिवत! जिवंत हाय माझा धनी! तिला आनंदानं ओरडावंसं वाटलं.

आणि तेवढ्यात तिला तो चुलीचा आडोसा आठवला.

कावळा वाट बघत होता. ती खोड जगात तिला एकटीलाच माहीत होती. ती गप्प राहिली असती तर कुणाला कळणार होतं? पान सुकलं असतं, काकणं राहिली असती, तिचा हिरामण कुठल्या तरी बंदरात जिवंत राहिला असता. आणि उपाशी राहिला असता.

"जेवला का गो?" आतून क्षीण आवाज आला.

भागीरथी रडायला लागली. रडत रडतच तिनं पानावरच्या चटणीत बोट बुडवलं आणि चाटलं. मीठ अंमळ जास्त झालं होतं.

"बरी झायली," ती म्हणाली. "जेवा."

कावळ्यानं चोच घातली. सावकाश, पोटभर जेवला. मग उडाला, आणि त्याच्यामागं गडग्यावरची सगळी ओळ खाडीकडं निघून गेली.

बऱ्याच वेळानं ती आत आली. सासूपुढं ताट ठेवून म्हणाली, "जेवला, आई. आता तू जेव."

चांगुणाबाई दचकली. सून जवळ आल्याचं तिला कळलंच नव्हतं. तिनं चाचपडत भागीरथीचा हात धरला आणि मोकळ्या मनगटावरून कितीतरी वेळ बोटं फिरवत राहिली.