बरूची ओळ

कोरडवाहू शेतीच्या सरकारी शेतावर मी सहा महिन्यांच्या कच्च्या नोकरीवर होतो. सोलापुरात मिलचा भोंगा झाला की भवानी पेठेतल्या खोलीतून निघायचो आणि तासभर चालून शेतावर पोहोचायचो. स्वभाव तेव्हापासूनच चिडका. आता तरी कुठे सुधारलाय म्हणा.

त्या हिवाळ्यात शाळू ज्वारीच्या ओळींशेजारी बरूची एक ओळ लावली होती. बरू म्हणजे शाळूचा रानटी भाऊबंद, शेतकरी ज्याला तण म्हणून शिव्या घालतो तो. दीड महिना थेंबभर पाणी द्यायचं नाही, सगळं वाळू द्यायचं, मग एकदाच पाणी देऊन कोण परत फुटतं ते बघायचं. पुण्याचे साहेब ते पाहायला येणार होते. माझी नोकरी पक्की होणार की नाही, तेही त्यांच्याच हातात होतं. मला जेवण जात नव्हतं.

पाणी द्यायच्या दोन दिवस आधी सकाळी गेलो, तर बरूची ओळ गायब. जागा अंगणासारखी स्वच्छ. मंगळवेढ्याकडची खुरपणीची बाई बांधावर पदरानं तोंड पुसत बसली होती. आम्ही तिला मावशी म्हणायचो.

"हे काय केलंत मावशी?"

"साहेब येनार न्हवं? तन उभं ठिवून कसं चालंल? लाजच की ती."

मी वाट्टेल ते बोललो. तिनं ऐकून घेतलं. मग खुरप्याची माती झटकत म्हणाली, "बरूच हाय त्यो. वरचं गेलं, मुळी खाली हाय. पानी लागलं की आठ दिसांत फुटंल, बगा."

मला ते ऐकायचंच नव्हतं. तडक मुकादमाकडे गेलो आणि दुपारच्या आत तिला कामावरून काढायला लावलं. खुरपं कमरेला खोचून ती गेली.

ठरल्या दिवशी पाणी दिलं. मग दिवसातून दहादा त्या जागेवर जाऊन बसायचो, नखानं माती उकरायचो. शाळू मेला तो मेलाच. सातव्या दिवशी रिकाम्या ओळीत तांबूस टोकं दिसली. आठव्या दिवशी ओळ भरली. मला आनंद झाला, आणि लगेच मावशी बसली होती त्या बांधाकडे नजर गेली.

साहेब टांग्यातून उतरले ते थेट ओळीपाशी गेले. एक कोंब उकरून त्यांनी खालची जाड मुळी बोटानं दाबून पाहिली. खुरप्याचा तिरपा घाव त्यांना तिथंच दिसला.

"वाळल्यावर वरून कापलंतही? छान. हे आमच्या ध्यानात नव्हतं आलं. कल्पना कुणाची?"

मुकादम माझ्याकडे बघत होता.

"माझी," मी म्हणालो.