आईच्या मांडीवरची झाकणं

आई माझ्या हातचा घास घेत नव्हती, त्या दिवसांतली ही गोष्ट. तिच्या उजव्या अंगावरून लकवा गेला होता. बोलणं जरा जड झालं होतं, पण ठसका तोच. वरण-भात कालवून चमचा पुढे केला की तोंड भिंतीकडे. "मी का लहान लेकरू आहो? ठेव तिकडं." डाव्या हाताने खायला जायची, सांडायचं, मग ताटच सारून द्यायची. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल.

मी कॅम्प-१ या कामगार वस्तीतल्या आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. त्याचा मला अभिमान आहे, लपवत नाही. बाबांचा जन्म प्लांटात गेला आणि आईने शिवणयंत्र चालवून मला कॉलेजात धाडलं. त्याच हाताला आता काही धरवत नव्हतं. आमच्याकडे बुद्धवंदना होते, नवस-अंगारे नाहीत. दवाखान्यातही मी रोज सकाळी आईच्या उशाशी बसून वंदना म्हणायचे. पण खरं सांगते, शब्द नुसते तोंडातून जायचे. मनात एकच चाललेलं, याने काय होणार?

बाजूच्या खाटेवर एक म्हातारी होती आणि सोबतीला तिची सून, गावाकडची, छत्तीसगढी बोलणारी. ही सून सकाळी उठली की वॉर्डातल्या सगळ्यांच्या रिकाम्या बाटल्या गोळा करायची, व्हरांड्यातल्या पाण्याच्या मशीनवर भरून आणायची, आणि जिची तिला देताना हात जोडायची. मला नवल वाटे. पाणी आणलं हिने, मग हात हीच का जोडते? शेवटी विचारलंच. ती हसली. "तुमन मोला करन देथव ना." तुम्ही मला करू देता म्हणून. मला काही ते पटलं नाही, पण डोक्यातून जाईनाही.

एका सकाळी ती आईच्या खाटेशी थांबली. "दाई, ये ढक्कन मन ला धर ले न. मोर ले गिर जाथे." ही झाकणं धर, माझ्याकडून पडतात, असं म्हणून सगळी झाकणं तिने आईच्या मांडीवर ओतली. मी मध्ये होऊन म्हणणार होते, अहो, तिला नाही जमणार. तोवर आईने डावा हात झाकणांवर ठेवलासुद्धा.

"तू कावून मधात येऊन राहिली? मले सांगितलं तिनं."

सून पाणी घेऊन आली तेव्हा आईने झाकणं एका ओळीत मांडली होती. "हे निळं त्या जाडीचं. हे चेपलेलं, ते दिवसभर कण्हून राहते नं, तिचं."

"मौसी, धीरे बोलो, जाडी सुन रही है!" पलीकडून आवाज आला आणि वॉर्ड हसला. आईसुद्धा. त्या हसण्यातच सुनेने पाण्याचा ग्लास तिच्या ओठांना लावला, आणि आई प्यायली. दुसऱ्याच्या हातून!

मग ते रोजचंच झालं. जाड्या बाईची मुलगी बाटल्या उचलू लागली. कण्हणाऱ्या बाईचा नवरा खालून येताना सगळ्यांसाठी चहा आणू लागला. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. पुढे त्या म्हातारीला सुटी मिळाली आणि सून गेली. मी तेव्हा ऑफिसात होते, नावही विचारायचं राहिलं. आई पाणी आता कोणाकडूनही घेई, पण माझ्या हातचा घास अजून नाहीच.

सून गेली त्या संध्याकाळी मी ऑफिसातून थेट वॉर्डात आले. आईने माझ्याकडे निरखून पाहिलं.

"जेवली का?"

"हो गं, झालं माझं."

"खोटी. आरशात तोंड पाय आपलं."

तिने डाव्या हाताने भात कालवला, अर्धा चादरीवर सांडवला, आणि एक वेडावाकडा घास माझ्यापुढे धरला. एवढी मोठी मी, सगळा वॉर्ड बघतोय. राहू दे म्हणणार होते. आजवर आईला मी तेच म्हणत आले होते, राहू दे, मी करते. पण तिचा हात तसाच पुढे थांबला होता. मी तोंड उघडलं.

घास गिळेपर्यंत ती बघत राहिली. मग म्हणाली, "हं, आता तू दे."

ती वाटीभर जेवली. नळी घालावी लागली नाही. त्या सुनेला कोणी धाडलं, हे मी सांगू शकत नाही, आणि आमच्यात देवाने धाडलं असं म्हणतही नाहीत. पण 'सरणं गच्छामि' म्हणताना आता मी मध्येच थांबते. शरण जाणं मला फार मोठं, अवघड काही वाटायचं. माझ्या वाट्याला ते आईच्या हातच्या गार भातातून आलं. कोणाचे उपकार म्हणायचे, ठाऊक नाही. ते मी मुकाट्याने घेतले, आणि घेताना पहिल्यांदाच मला लहान झाल्यासारखं वाटलं नाही.