परतीचा चारा

१९९४, नोव्हेंबरातला दुसरा रविवार. वखारीतून कोरमंगलाला आमच्या घरी फळ्या आणायचं बैलगाडीचं भाडं ठरलं होतं चाळीस रुपये. फाटकाशी आम्ही तिघं: मी, आठवीतली माझी मुलगी आणि गाडीवान. तो इथल्याच, कानडी मुलखात मुरलेल्या जुन्या मराठी घरातला, पन्नाशीचा.

फळ्या उतरल्यावर तो म्हणाला, "सार, अजून दहा द्या."

"चाळीस ठरले होते, अण्णा."

"ते यायचे. जाताना बैल काय वारा खाऊन चालतात?"

मुलगी हसली. मला हसता येईना. आत तिचा पुठ्ठ्याचा नकाशा वाळत होता. दुसऱ्या दिवशी वर्गासमोर तिला सांगायचं होतं, पहिली राज्यं बैलांच्या जोरावर कशी वाढली ते. हिशेब माझा होता. समजा, गाडीत दहा पोती धान्य. जोडी आणि माणूस मिळून त्यातलंच रोज अर्धं पोतं खाणार. निम्मा माल तरी राजाच्या कोठारात पडायला हवा. म्हणजे दहा दिवसांच्या वाटेवरून धान्य येईल. तेवढी हद्द तिनं लाल दोऱ्यानं चिकटवली होती. परतीचं खाणं मी धरलंच नव्हतं.

गाडीवानाला सगळं सांगून विचारलं, "परतीचा चारा कोठारातून दिला तर?"

"मग कोठारातलंच कमी झालं की! स्वल्प विचार करा, सार."

जाऊन-येऊन दहा, म्हणजे वाट पाचच दिवसांची. राज्याची हद्द निम्म्यावर आली. मी फाटकापासून दारापर्यंत फेऱ्या घालू लागलो.

"पप्पा, कोण मोजतंय?"

"बाईंनी विचारलं तर?"

"सांगेन, पप्पांनी काढलंय."

पण वर्गासमोर उभं तिला राहायचं होतं, मला नाही. मी नकाशा बाहेर आणला आणि दोरा उचकटायला घेतला. तिचे डोळे भरले. सात दिवसांच्या वाटेवर तिनं एक गाव बसवलं होतं, तट आणि दोन वेशींसकट. दोन संध्याकाळी त्यात गेल्या होत्या.

"मग हे गाव कुणाचं?"

"त्याचं तेच. राजाचं नाही."

गाडीवान वाकून बघत होता. तिला लाडानं म्हणाला, "बरंच झालं की, पुट्टी. त्या गावाला कर नाही!"

ती नाक ओढत हसली, दोरा माझ्या हातातून घेतला आणि स्वतःच कापला. गाव बाहेर तसंच ठेवलं.

गाडीवानाला भाड्याचे चाळीस आणि परतीचे दहा, असे पन्नास रुपये दिले.