तिरका नकाशा

"समोरून सगळंच शाबूत दिसतं, पोरी," असं म्हणत चाचा काडेपेटी हातात तिरकी धरायचे आणि तिची मागची बाजू बोटाने चाचपायचे.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. भिवंडीतल्या एका नकाशांच्या ऑफिसात ते ड्राफ्ट्समन होते आणि मी ट्रेसिंग करायची. चाचा मुळात भित्रे. जिना उतरताना कठडा सोडत नसत, फोन वाजला तरी दचकत. अशा माणसाला तुम्हीही हसला असता. आम्ही तर रोज हसायचो.

तिरका नकाशा मला त्यांनीच शिकवला. समोरची बाजू मापात जशीच्या तशी काढायची आणि खोलीच्या रेषा पंचेचाळीस अंशांत मागे न्यायच्या, त्याही निम्म्या लांबीच्या. "पूर्ण घेतलीस तर वस्तू उगाच लांबुडकी दिसते. बाकीचं डोळा समजून घेतो."

एकदा एका शेठच्या कारखान्याची मापं घ्यायला आम्ही दोघं गेलो. खाली कापड विणायचे लूम, वर माळा. रात्रपाळीचे कामगार दिवसा माळ्यावर झोपत. शेठला तिथेही लूम बसवायचे होते. मागच्या अंधारात चाचांनी बॅटरी मारली आणि ते जागीच थांबले. हातगाडीला वाट हवी म्हणून कुणीतरी खांब खालून निम्मा फोडला होता. वरच्या तुळईला भेग गेली होती आणि लूमच्या ठोक्यांबरोबर तिच्यातून चुना झरत होता.

"चल बाहेर," चाचा पुटपुटले. माझं मनगट त्यांनी रस्त्यावर येईपर्यंत सोडलं नाही.

शेठने आमचा नेहमीचा नकाशा बाजूला सारला. "ह्या रेघोट्या मला कळत नाय."

मग चाचांनी तिरका काढला. पुढे लूम, मागे तो खांब, वर भेगाळलेली तुळई आणि तिच्यावर ओळीने अंथरुणं. शेठ कागदावर वाकला. मग हळूच म्हणाला, "हा कागद बाहेर गेला नाय पाहिजे."

त्याच आठवड्यात एक अनोळखी माणूस चाचांच्या टेबलाशी येऊन बसला. "चाचा, आपकी बच्चियाँ कौन से रास्ते से स्कूल जाती हैं?" एवढंच विचारून तो हसत निघून गेला. चाचांची पेन्सिल खाली पडली. ती उचलायला वाकलेले चाचा किती तरी वेळ वर आलेच नाहीत.

आमच्या ऑफिसचे साहेब म्हणाले, "विसरा ते." मीही तेच म्हटलं.

"मला एवढी भीती वाटते," चाचा म्हणाले, "आणि ती माणसं तिथे गाढ झोपतात, पोरी."

शिफ्ट बदलायच्या वेळी ते कारखान्यासमोरच्या चहाच्या टपरीवर गेले. मी सोबत होते. त्यांनी बाकावर कागद उलगडला. मग मागच्या खांबावर बोट ठेवलं. कामगार वाकले.

"अरे, ये तो अपना खंबा है," एकजण म्हणाला.

दुसऱ्याने बोट वर नेलं. "और ये मेरा बिस्तर."

त्या दिवसापासून माळ्यावर कुणी झोपलं नाही की मागच्या लूमवर कुणी उभं राहिलं नाही.

दुसऱ्या सकाळी चाचांच्या दाराला कुलूप होतं. बायको-मुलींना घेऊन पहिल्या एसटीने गेले, असं शेजारी म्हणाले. कुठे, ते त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

पावसाळ्याच्या तोंडावर एका दुपारी मोठा आवाज झाला. मी धावले. कारखान्याचा मागचा भाग माळ्यासकट खाली बसला होता. धुळीत कामगार एकमेकांना नावाने हाका मारत होते आणि प्रत्येक हाकेला ओ मिळत होती. टपरीवर आपलं अंथरूण ओळखणारा तो माणूस माझ्याजवळ आला.

"दीदी, चाचा किधर मिलेंगे?"

मला माहीत नव्हतं. आजही नाही.