कॅनमध्ये वरून घातलेलं पाणी

चोवीस तासांची लघवी साठवायला दिलेल्या कॅनमध्ये मी नळाचं पाणी ओतलं.

आठवडाभर पोटात वरच्या बाजूला कळ यायची आणि थेट पाठीत निघायची. डॉक्टरबाईंना स्वादुपिंडाला सूज असल्याची शंका होती. म्हणाल्या, "सूज आली की तिथली पाचक द्रव्यं रक्तात उतरतात, मग किडनी ती लघवीतून बाहेर टाकते. म्हणून दोन्हीकडे मोजायचं." रक्ताचं सोपं होतं. लघवीचं मात्र असं, की सकाळची पहिली सोडून द्यायची आणि दुसऱ्या सकाळपर्यंतचा थेंबन्‌थेंब कॅनमध्ये.

आता पिंपळगावच्या द्राक्षांच्या पॅकहाउसवरचा सुपरवायझर कॅन हातात घेऊन द्वारका चौकात एसटीत चढणार का? कॅन घरी ठेवला. दिवसभरातला माल कामावरच गेला. दुसऱ्या सकाळी बघतो तर कॅनच्या तळाशी जेमतेम काहीतरी. पेटी वजनाला कमी भरली की वर एखादा घड ठेवून काटा बरोबर करायचा, ही माझी वीस वर्षांची सवय. इथे घड नव्हता, नळ होता.

संध्याकाळी डॉक्टरबाईंनी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले. मग उचलून पुन्हा वाचले.

"रक्तात लायपेज, अमायलेज, दोन्ही पाचक द्रव्यं तिपटीच्या वर. आणि लघवीत अमायलेज एवढंसं? किडनी सोडत का नाहीये?"

शेजारी बसलेल्या बायकोने पर्सची चेन अर्धवट सोडली. "म्हणजे किडनी गेली का यांची?"

"लगेच तसं नाही म्हणत मी. पण किडनीच्या डॉक्टरांना विचारते." त्यांनी फोन उचलला.

बायकोने स्वतःच्या वडिलांचं डायलिसिस चार वर्षं पाहिलं होतं. तिने माझं मनगट घट्ट धरलं.

"मॅडम, फोन ठेवा जरा," मी म्हणालो, आणि सगळं सांगून टाकलं.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. "पाण्याने कॅन भरतो हो, अमायलेज नाही भरत. ते तुम्ही पिंपळगावला सोडून आलात."

रक्तातले आकडे मात्र खरे होते. सूज नक्की, त्यामुळे त्याच संध्याकाळी ॲडमिट. किडनीसाठी वेगळं रक्त घेतलं. त्याचा रिपोर्ट नॉर्मल आला, तेव्हा कुठे बायकोने माझं मनगट सोडलं.

तेवढ्यात सिस्टर लघवी मोजायचं भांडं घेऊन आली आणि मला समजावू लागली. बायकोने ते मधूनच काढून घेतलं.

"यांना काय सांगताय? माझ्याकडे द्या. या माणसाला धड मुतायचंसुद्धा कळत नाही."