कूस बदला

बाहत्तरचा दुष्काळ सरून दोनतीन वर्षं झाली असतील. मला पहिल्यांदाच दिवस गेले होते, सातवा लागला होता. सोलापूरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्ही धडधाकट आहात म्हणून विचारते. गरोदरपणात निरोगी बाईच्या रक्तवाहिन्या कशा वागतात ते आम्ही मोजतोय. झोपवून दंडाला पट्टा बांधून दाब बघायचा, बस्स."

सासूबाईंना पटेना. "धड हाय तर मोजायचं कशाला?"

त्यांचंही खोटं नव्हतं. पण तुम्हाला सांगते, माझ्या मनात भीती बसली होती. थोरल्या जाऊबाई आठव्या महिन्यात झटके येऊन गेल्या. त्याही धडधाकटच होत्या की! मी म्हटलं, मोजाच.

मला डाव्या कुशीवर निजवलं. बाई फुगा दाबायच्या, कानाला नळ्या लावून ऐकायच्या. पुन्हा दाबायच्या. आकडा स्थिर झाला तेव्हा म्हणाल्या, "आता पाठीवर यायचं. दाब चढला नाही तर वाहिन्या छान सैल आहेत. चढला तर पुढं झटक्यांचा धोका असू शकतो, तुमच्यावर लक्ष ठेवावं लागेल." आणि पडद्याबाहेर नर्सला हाक दिली, "सिस्टर, या, यांची कूस बदलायचीय!"

झालं! पडदा ओढून सासूबाई आत. त्या दुधनीच्या, घरचं बोलणं सगळं कानडी, मराठी कामापुरतं. आणि कानडीत कूसु म्हणजे तान्हं बाळ.

"आमचं कूस बदलता? ब्याड, ब्याड! नको म्हंते ना! ऊठ गं, घरी चल!" माझा दंड धरून ओढायलाच लागल्या.

नर्स हसून भिंतीला टेकली. मला कुठलं हसू, छाती नुसती धडधडत होती. बाईंनी तसाच पट्टा फुगवला. आकडा चढलेला.

"घाबरल्यामुळं असेल," त्या म्हणाल्या. "किंवा नसेलही. पहिल्यापासून करायला हवं."

ते 'नसेलही' माझ्या काळजात रुतलं. मी म्हटलं, "आत्याबाई, बाळ कोणी बदलत नाही. मीच वळणार, या अंगावरून त्या अंगावर."

त्यांनी बाईंकडं रोखून बघितलं. "मी हितंच बसनार," म्हणाल्या, आणि माझ्या पायाशी बसल्या.

परत डावी कूस, परत थांबणं. मग पाठीवर आले. पारा वर गेला, हळूहळू उतरू लागला. बाईंच्या चेहऱ्यावरून काही कळेना. थोडं थांबून त्यांनी पुन्हा फुगवला. मी श्वासही जपून घेत होते.

"नाही चढला."

सासूबाईंनी माझा पाय सोडला, तेव्हा कळलं किती आवळून धरला होता. बाई पट्टा गुंडाळत होत्या. सासूबाई त्यांना हळूच म्हणाल्या, "थोरलीचं असं मोजलं असतं, तर कळलं असतं का?"

"कदाचित," बाई म्हणाल्या.

सासूबाईंनी पदरानं तोंड पुसलं. मग मला हात देऊन उठवत म्हणाल्या, "परत कधी यायचं, इचार की."