आत्याचा मान

गोड बोलून काम कसं काढून घ्यायचं, हे आमच्या घरात माझ्याखेरीज सगळ्यांना येत होतं. मला ते कळायला एक शनिवार-रविवार जावा लागला.

परळची खोली विकून आम्ही भाईंदर पूर्वेला फ्लॅट घेतला होता. आई, भाऊ, वहिनी आणि मी. मी पस्तिशी ओलांडलेली, बिनलग्नाची. स्थळांचा विषय घरात केव्हाच बंद झाला होता. वहिनीला मुलगी झाली तेव्हा हॉस्पिटलच्या जिन्यातच भाऊ म्हणाला, "नाव तूच ठेवायचंस. आत्याचा मान आहे." मला रडूच आलं. कारण एक नाव मी कॉलेजात असल्यापासून जपून ठेवलं होतं, स्वतःच्या मुलीसाठी. ती काही होणार नाही हे कळून चुकलं, तरी नाव टाकवत नव्हतं. ते मी भावाला सांगितलं, आईला सांगितलं. दोघंही म्हणाली, छान आहे.

बारसं रविवारी आणि सोसायटीची सत्यनारायणाची पूजा आदल्या संध्याकाळी. म्हणजे माझं कंबरडं मोडणार हे ठरलेलंच. सकाळी टँकर आला, पिंपं भरली. केबिन रोडला जाऊन फुलं, पेढे, घुगऱ्यांचे हरभरे आणले. बाळाची कुंची मी आधीच शिवली होती, खणाची, आतून मलमल लावून. वहिनीची बहीणही आलेली होती. ती पलंगावर बसून मासिक वाचत होती.

संध्याकाळी खाली पार्किंगमध्ये मी प्रसादाचा शिरा वाटतेय, तर पहिल्या मजल्यावरच्या गुजराती भाभींनी हाताला धरून घरी नेलं. त्या थर्माकोलचं काम फार सुरेख करायच्या. "दीदी, गुड़िया का नाम देखो ना, कैसा बना है?" जमिनीवर पेपर पसरून चमकी लावलेली अक्षरं वाळत ठेवली होती. मी वाचली. मी सांगितलेलं नाव नव्हतं ते. म्हटलं, ये किसने बोला? "आपके भाई ने. कब का बोल के रखा है."

मी वर आले. आई हरभरे निवडत होती. विचारलं तर म्हणाली, "वहिनीच्या बहिणीने सुचवलंय. कुठल्याशा मालिकेतलं आहे. त्यांना आवडलं. मूल त्यांचं, आपण काय बोलणार?"

"मग मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू हे सगळं केलं असतंस?"

हे ती मान वर न करता म्हणाली. भावाचा मला संताप आला आणि काही महिन्यांनी ओसरलाही. भाऊ पहिल्यापासून बायकोच्या ओंजळीनं पाणी पिणारा. पण आई? ते नाव मी कुणासाठी जपून ठेवलं होतं, हे जगात तिला एकटीला माहीत होतं. रडायलाही सवड नव्हती, हरभरे भिजत घालायचे होते. ते मीच घातले.

रविवारी गच्चीवर पाळणा टांगला. मागच्या भिंतीवर अक्षरं, त्यांच्यावर ओढणीचा पडदा. वरवंटा पाळण्याखालून-वरून फिरवून झाला, मग बाळाला फिरवून झालं, आणि सगळ्या म्हणाल्या, आत्या, चल, नाव सांग. भाऊ माझ्याजवळ आला आणि हळूच ते नाव सांगून म्हणाला, "हे घे हं." जसं काही मला पत्ताच नाही.

मी वाकले. पोरगी टक्क जागी होती. हनुवटीवर दूध ओघळलेलं, अंगात माझी कुंची. मी तिच्या कानात कुर्र केलं आणि गप्प बसले. त्यांचं नाव घेतलं नाही. माझंही नाही घेतलं. ते असं चोरून का देऊ? चोरी मी केली नव्हती. रिवाजाप्रमाणे बायकांनी पाठीत बुक्के घातले, वहिनीच्या बहिणीने जरा जोरातच. पडदा सरकला, टाळ्या झाल्या. कानात नाव पडलंच नाही, हे कुणाच्याही लक्षात आलं नाही.

तिला मी पोरी म्हणूनच हाक मारायचे. सगळ्यांना वाटायचं, आत्याचे लाड. शाळेत जायला लागल्यावर एकदा तिने विचारलं, "आत्या, तू मला माझ्या नावाने का नाही बोलवत?"

आई समोरच मटार सोलत बसली होती. मी म्हटलं, "आजीला विचार. तिला माहितीय."

पोरगी आजीकडे वळली. आई मटार सोलत राहिली.